जेम्सचं थडगं

रात्रीचे दोन वाजत आलेत. झोप नाही, आणि कारण कुणाला सांगायची सोय नाही. जेम्स अर्प तरुणपणी मेलाच नव्हता.

जेवणं झाल्यावर 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' लावला. जॉन फोर्डचा वेस्टर्न सिनेमा, १९४६ चा. पहिल्यांदाच एकटीने. मार्शल वायट अर्प झालेला हेन्री फोंडा धाकट्या भावाच्या थडग्यापाशी बसतो, दगडावरची सालं वाचतो. १८६४, १८८२. अठराच वर्षं. घरी पत्र टाकलंय, असं त्या पोराला हळू आवाजात सांगतो. मी दर वेळी तिथे रडते. आजही रडले. मग डोळे पुसून मूर्खासारखी मोबाइलवर शोधत बसले.

खरा जेम्स वायटपेक्षा सात वर्षांनी मोठा. टूमस्टोन गावात होता, पण सिनेमा ज्यावर बेतलाय त्या ओके कोरलच्या गोळीबारात नव्हताच. वारला १९२६ मध्ये, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन!

सिनेमाने बाकी जे बदललं ते चालेल मला. गोळीबार ऑक्टोबर १८८१ चा, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा, चालेल. सिनेमातला खलनायक, म्हातारा क्लँटन, खरा तर त्याच्या दोन महिने आधीच मेलेला, चालेल. वायटचा दोस्त डॉक हॉलिडे सर्जन नव्हे, दातांचा डॉक्टर. चालेल. फोर्डने अख्खं टूमस्टोन उचलून मॉन्युमेंट व्हॅलीत नेलं, ते तर छानच केलं. आभाळ काय दिसतं तिथलं! पण जेम्स?

म्हणजे इतकी वर्षं मी म्हातारा होऊन गेलेल्या माणसासाठी रडत होते. रडायला एक हक्काची जागा होती, तीही खोटी निघाली. आणि आपल्याकडे मात्र दगडावरची सालं... जाऊ दे.

बरं, वायटला भाऊ चव्वेचाळीस वर्षं जास्त मिळाला की. मी का तोंड पाडून बसलेय? त्या दोघांचं पटत होतं की नाही, देव जाणे.

मग खुर्चीचा सीन परत लावला. मार्शल ओसरीवर खुर्ची मागे कलती करून बसलाय. खांबाला एक पाय, मग दुसरा, पुन्हा पहिला, हात पसरून तोल सांभाळतोय. घडत काहीच नाही. गावगुंडांना धाक बसवणारा माणूस, आणि असा शाळकरी पोरासारखा. इथे हमखास शेजारून आवाज यायचा, "पडणार बघ आता." कधी पडला नाही.

गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची कलती केली, कठड्याला पाय लावले. एक पाय बदलला. दुसरा बदलताना दाणकन आपटले.

समोरच्यांच्या खिडकीत दिवा लागलाय. मी जमिनीवरच बसून लिहितेय.