आमची वाटचाल: पगार वेळेवर, तर माप बरोबर

2020 च्या टाळेबंदीनंतर पुण्याजवळच्या भोसरीतलं, ग्राहकांचे भाग सीएनसी (प्रोग्रामवर चालणाऱ्या) मशीनवर घडवून देणारं आमचं जॉबवर्कचं वर्कशॉप बंद पडायच्या बेतात होतं. एका मोठ्या ग्राहकाने पेमेंट अडकवलं. छोट्या उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यायचा एमएसएमई कायदा 2006 पासून आहे, पण त्याचं नाव काढलं की पुढची ऑर्डर जाते. पगार दोन हप्त्यांत करावे लागले. त्यातच शेजारच्या युनिटने आम्ही घडवलेले सेटर (मशीन लावून देणारे कारागीर) पळवले. तो राग अजून गेलेला नाही.

त्याच काळात रिजेक्शन, म्हणजे मापात न बसणाऱ्या मालाचं प्रमाण, चढलं. मशीन तेच, प्रोग्राम तोच, इन्सर्टही (हत्याराचे कापणारे, बदलता येणारे तुकडे) तेच. 30 एच7 चं बोअर, म्हणजे भोकाचा व्यास 30.000 ते 30.021 मिलिमीटर. समजा वेअर ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या झिजेसाठी मशीनमध्ये भरलेलं करेक्शन, उणे 0.040 आहे, बोअर 30.000 ला आलंय आणि 10 मायक्रॉन (0.010 मिलिमीटर) वाढवायचेत. नवा आकडा जुन्यात मिळवणाऱ्या ‘+इनपुट’ बटणाऐवजी ‘इनपुट’ दाबलं की जुनं करेक्शन पुसलं जातं, ऑफसेट अधिक 0.010 होतो आणि पुढचा जॉब (भाग) 30.050, थेट भंगारात. घरभाडं थकलेल्या माणसाचं बोट नेमकं तिथेच चुकतं. दुसरा प्रकार याहून वाईट. इन्सर्टची धार उडालेली असते, पण ओरडा बसेल म्हणून ऑपरेटर गप्प राहतो. मग भोक बारीक राहतं आणि गो गेज (बरोबर भोकात गेलाच पाहिजे असा मापाचा दांडा) अडकतो तो ग्राहकाच्या इन्स्पेक्शनला.

चाकणचे एक पंपवाले ग्राहक तेव्हा पाठीशी राहिले. मटेरियल त्यांचं, बिलाचे पैसे वेळेवर. त्यातून आधी पगाराची तारीख सात पक्की केली. बाकी देणी नंतर.

तुटलेल्या इन्सर्टचे पैसे कापणं बंद केलं. इन्सर्ट लाल डबीत टाकायचा, सोबत चिठ्ठीवर मशीन नंबर आणि किती जॉब झाले ते. मशीन थांबवून सांगायला येणाऱ्याला कोणी बोलायचं नाही, सुपरवायझरनेही नाही. उचल मागायला केबिनमध्ये एकट्याने यायचं, कपात तीन हप्त्यांत. घरी आजारपण असेल त्याला त्या दिवशी फिनिश बोअरिंगवर (भोकाच्या शेवटच्या, अचूक मापाच्या कामावर) उभं करत नाही. डीबरिंग (कडांवरची धारदार कुसळं काढणं) किंवा पॅकिंग देतो, हजेरी पूर्ण.

नवीन युनिट टाकणाऱ्यांनी एक ऐकावं. बारा तासांच्या पाळीच्या मोहात पडू नका. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा आणि शेवटच्या दोन तासांतला माल पुन्हा तपासत बसायचा, यात काही उरत नाही. पाळी बदलताना दोन्ही ऑपरेटरना दहा मिनिटं एकत्र द्या आणि पहिला जॉब नव्या पाळीवाल्याच्या हातून मोजून घ्या.