आमचे पांढरे काका

मागच्या जानेवारीत चार दिवस ताप उतरेना म्हणून मी घराजवळच्या क्लिनिकमधे गेले, त्यांनी रक्त घेतलं, डॉक्टर हसून "दाइजोबू" म्हणाले म्हणजे काळजीचं काही नाही, गोळ्या दिल्या आणि रिपोर्टचा कागद हातात ठेवला. सगळा कांजीत, म्हणजे जपानी चित्रलिपीत. तोक्योत निशी-कासाईला येऊन सहा वर्षं झाली तरी माझी कांजीची धाव स्टेशन आणि भाजीच्या दुकानापर्यंतच, त्यामुळे घरी येऊन त्याचा फोटो काढला आणि आईला नाशिकला व्हॉट्सॲप केला. चूकच झाली ती.

व्हिडिओ कॉल चालू असतानाच आमचे चिरंजीव, वय वर्षं सात, वरणभात खाता खाता येऊन कागदात डोकावले आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, आई हे केश्शोबान, ती छोटी छोटी पोरं! केश्शोबान म्हणजे प्लेटलेट्स. आणि त्यापुढे आकडा २१.५.

आता डेंग्यूच्या कृपेने आपल्याकडे प्लेटलेट्स न कळणारं घर नाही, दीड लाखाच्या खाली आल्या की शेजारपाजारचे पपईची पानं घेऊन दारात उभे. इथे २१.५ म्हणजे काय, २१ हजार? आई तिकडून "अगं कुणाला तरी गाठ, रक्तपेढीत ओळख आहे का तुमची तिथे" करायला लागली, माझेही हातपाय गार. मग नवरा ऑफिसातून आला आणि त्याने शांतपणे सांगितलं की जपानी लोक दहा हजाराच्या ढिगाने मोजतात, त्याला मान म्हणतात, तेव्हा २१.५ मान म्हणजे २ लाख १५ हजार, एकदम धडधाकट. (आपण लाखात, हे मानमधे आणि बाकी जग मिलियनमधे, एकदा सगळ्यांनी बसून ठरवा रे.)

पण सात वर्षाच्या पोराला ही कांजी कुठून ओळखता आली? तर 'हाताराकु साइबो' नावाच्या ॲनिमेतून, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतून. शब्दशः 'काम करणाऱ्या पेशी'. शिमिझु आकाने यांची मूळ मांगा (जपानी कॉमिक) २०१५ मधे सुरू झाली, २०१८ ला ॲनिमे आला, आणि २०२४ च्या डिसेंबरात खऱ्या नटांचा सिनेमा पण येऊन गेला. अख्खं शरीर म्हणजे एक मोठं शहर आणि त्यात ३७ लाख २० हजार कोटी पेशी राहतात, सगळी माणसंच. लाल पेशी म्हणजे ऑक्सिजनचे खोके पोचवणारी कुरियरवाली मुलगी, रोज रस्ता चुकते. प्लेटलेट्स बालवाडीतली पोरं. नवीन कोणी आलं की पडद्यावर त्याचं नाव कांजीत, तेच पोराच्या डोक्यात बसलंय.

आणि हिरो आहे न्यूट्रोफिल, म्हणजे एका प्रकारची पांढरी पेशी, नंबर यू-११४६. पांढरा युनिफॉर्म, पांढरी टोपी, कातडी पण चुन्यासारखी, केसांनी एक डोळा झाकलेला आणि हातात सुरा. जंतू जवळ आला की टोपीवरचा रिसेप्टर टुणकन उभा राहतो आणि दाराच्या बेलसारखा पिंगपाँग वाजतो, मग हा रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून पलीकडे जातो (खरे न्यूट्रोफिलही असेच फटीतून बाहेर पडतात) आणि जंतूला कापून काढतो. इतकं रक्त अंगावर उडालेलं असतं की बाकीच्या पेशी त्याला बघून पळतात. आणि कुरियरवाल्या मुलीने आभार मानले तर हा म्हणतो, काम आहे माझं.

आपण शाळेत शिकलो "पांढऱ्या पेशी शरीराच्या सैनिक असतात", झालं, दोन मार्क. इथे किलर टी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना तसं फौजेसारखं दाखवलंय खरं, पण हा गडी सैनिक वाटतच नाही मला. सकाळी तोझाई लाईनच्या ट्रेनमधे माझ्या शेजारी उभा असलेला, कमी बोलणारा, उशीर न करणारा माणूस वाटतो.

पोराने हे सगळं आजीला मराठीत सांगायचं ठरवलं तेव्हा वेगळीच पंचाईत. पेशी ती पेशी! "आजी, पांढरी पेशी आला आणि त्याने मारलं." आजी म्हणे आली की आला? नीट सांग. शेवटी तिनेच तोडगा काढला, जपानीत ती मुलगी त्याला 'हाक्केक्क्यू-सान' (पांढरी पेशीसाहेब) म्हणते ना, मग आपण पांढरे काका म्हणू. तेव्हापासून आमच्या घरी पांढरे काकाच.

फेब्रुवारीत इथे सुगी नावाच्या झाडांचे (जपानी सीडर, आपली सुगी नव्हे) पराग उडायला लागतात, महायुद्धानंतर डोंगरच्या डोंगर भरून लावलेली ही झाडं, आता अर्धं ऑफिस मास्क लावून शिंकत असतं आणि हवामानाच्या बातम्यांत परागांचा अंदाज पण सांगतात. त्याचा एक एपिसोड आहे, त्यात पराग बिचारे फारसं काही करत नाहीत, गोंधळ आपलेच लोक घालतात, मास्ट सेल नावाची पेशी हिस्टामिनचा, म्हणजे शिंका आणणाऱ्या रसायनाचा, पूर आणते आणि शेवटी स्टेरॉइड नावाचा रोबो येऊन सगळ्यांनाच झोडपतो. माझं शिंकणं त्यानंतर मला जरा समजलं, थांबलं मात्र नाही.

परवा पोरगं बागेत पडलं होतं, गुडघ्याला पू झाला. आजी फोनवरून हळद हळद करत होती, मी कापूस घेऊन बसले आणि सहज सांगितलं की पू म्हणजे बराचसा मेलेले पांढरे काकाच असतात. खरा न्यूट्रोफिल फार तर काही दिवस जगतो, यू-११४६ सारखे दोन-दोन सीझन नाही. पोरगं गप्प झालं. मग म्हणलं थांब, पुसू नकोस, आणि गुडघ्याकडे बघून मान वाकवून म्हणालं, "ओत्सुकारेसामा देश्ता."

ऑफिस सुटल्यावर इथे सगळे एकमेकांना म्हणतात तेच. खूप दमलात, या आता.