तुम्ही विचारलंत म्हणून: परत समुद्राकडेच?

भाट्याच्या पुळणीवर मी रोज दिसतो, म्हणून रत्नागिरीत ओळखीचे-अनोळखी सगळे एकच विचारतात, "31 वर्षं जहाजावर काढलीत, तरी परत समुद्राकडेच? एवढं काय शांत वाटतं तिथे?"

शांत पाणी मी फार थोडं पाहिलंय. जून-जुलैत अरबी समुद्र ओलांडताना ताटं घसरू नयेत म्हणून मेसच्या टेबलावरची चादर ओली करून ठेवतात. झोपायचं ते पाठ एका बाजूला आणि गुडघे दुसऱ्या बाजूला टेकवून. त्यामुळे समुद्र शांत असतो म्हणून माणूस शांत होतो, हे मला पटत नाही.

मला ती शांतता मिळाली बारा-चारच्या वॉचमध्ये, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीत. रात्री बारा ते चार, दुपारी पुन्हा बारा ते चार, हा सेकंड ऑफिसरचा वॉच. रात्री ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, मिट्ट काळोख असतो. उजेडातून आलेल्या डोळ्यांना तो सरावेपर्यंत आधीचा अधिकारी वॉच सोपवत नाही. मग तो खाली जातो आणि ब्रिजवर उरतो आपण, सोबतीला एक खलाशी, समोर क्षितिज. डोळे पाण्यापासून 30 मीटर उंचीवर असले तर ते साधारण 21 किलोमीटरवर असतं; पुळणीवर उभं राहिलं तर जेमतेम पाचावर. तिथे नजर लावून उभं राहायचं. एखादा दिवा दिसला की कंपासवर त्याची दिशा घ्यायची, थोड्या वेळाने पुन्हा घ्यायची. दिशा बदलत नसेल आणि अंतर मात्र कमी होत असेल, तर टक्कर ठरलेली. घराचं कर्ज, लेकीची दहावी, सगळं डोक्यात असतंच, पण त्या दिव्यापुढे त्याला थांबावं लागतं.

1988 साली केप ऑफ गुड होप मागे टाकून आम्ही ब्राझीलकडे निघालो होतो. रात्री अकराला रेडिओ ऑफिसर कागद घेऊन आला. वडील गेले होते. पुढचं बंदर नऊ दिवसांवर. कॅप्टन म्हणाले, "आज वॉच मी करतो, तुम्ही झोपा." मी नको म्हटलं. केबिनमध्ये मी काय केलं असतं?

घरी असताना वडील अंगणातून ध्रुव दाखवायचे. जेवढे अक्षांश, तेवढा तो क्षितिजापासून वर. रत्नागिरीला 17 अंश, म्हणजे हात लांब धरला तर पावणेदोन मुठी. विषुववृत्ताच्या खाली तो दिसत नाही. त्या रात्रीही नव्हता. पण अगस्तीचा तारा होता, आमच्या आजीचा अगस्ती, समुद्र एका आचमनात पिणारा. पावसाळा सरता सरता पहाटे तो दिसू लागला की पाणी निवळतं, असं ती म्हणायची. मी त्याच्यावरून कंपासची चूक काढली, लॉगबुकात लिहिली, पुन्हा खिडकीशी उभा राहिलो. डोळे वाहत होते तरी पुढे बघणं भाग होतं. खाली चोवीस माणसं माझ्या भरवशावर झोपली होती. चार वाजेपर्यंत माझा श्वास जागेवर आला होता. समुद्राने सांत्वन केलं असं मी म्हणणार नाही. त्याने मला दुसरीकडे बघू दिलं नाही, एवढंच.

निवृत्त झाल्यावर घरात तसं एका जागी लक्ष ठरेना. फोन, टीव्ही, गेटवरची बेल. पुळणीवर ते ठरतं. वॉच नाही, जबाबदारी नाही, तरी एखादी होडी दिसली की मी अजून तिची दिशा घेतो, या माडावरून त्या माडावर. आणि भरती कुणासाठी लवकर येत नाही की थांबत नाही. कोकणात लहान मुलालाही हिशोब येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.

आज दशमी. साडेसातला पाणी पूर्ण भरेल. मी सातला सुरूच्या बनापाशी असेन. या, पण चपला हातात घेऊन.