सुरी दिसण्याआधीचे संगीत : ‘तोस्का’ची काही ध्वनिमुद्रणे

इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेरातील दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे अशी एक जागा येते, जिथे गाणे जवळजवळ थांबलेले असते. रोमचा पोलीसप्रमुख स्कार्पिया टेबलाशी बसून परवाना लिहीत आहे. गायिका तोस्का आणि तिचा प्रियकर, मृत्युदंड झालेला चित्रकार काव्हारादोस्सी, या परवान्यावर शहराबाहेर पडू शकणार आहेत, आणि त्याच्या मोबदल्यात तोस्काने स्वतःचा देह द्यायचे कबूल केले आहे. ती दारूचा पेला घ्यायला जेवणाच्या टेबलाजवळ जाते आणि तिथे ठेवलेली टोकदार सुरी तिला दिसते. एवढा सगळा वेळ तंतुवाद्यांवर एफ शार्प मायनरमधील एक संथ, जड सुरावट वाजत राहते. ‘तोस्का’चे एखादे ध्वनिमुद्रण नव्याने हाती आले की मी पंखा बंद करते, हेडफोन लावते आणि सर्वांत आधी ही जागा ऐकते. तोस्काचे ‘विस्सी दार्ते’ हे प्रसिद्ध पद नंतर ऐकले तरी चालते.

याचे कारण सोपे आहे. नाट्यगृहात तोस्काचे डोळे, तिचा थबकलेला हात आणि मेणबत्तीचा उजेड आपल्याला दिसत असतो. ध्वनिमुद्रणात यातले काहीही नसते. तिने सुरी नेमकी केव्हा पाहिली, ती पाठीमागे केव्हा लपवली आणि तिचा निश्चय केव्हा झाला, हे सर्व त्या सुरावटीच्या लयीतूनच श्रोत्याला कळावे लागते. ख्यालगायन ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला सुरुवातीला एक अडचण वाटत असे, कारण आपल्याकडे तीच बंदिश दोन गायकांनी गायली की त्यांचे वेगळेपण त्यांनी केलेल्या विस्तारात सापडते. इथे मात्र प्रत्येक स्वर लिहून ठेवलेला, आणि त्यात कोणी भर घालायची नाही. मग सात-आठ ध्वनिमुद्रणे जमवायची कशासाठी? हळूहळू लक्षात आले की स्वर लिहिलेला असला तरी त्याच्यामागचा श्वास लिहिता येत नाही. दोन स्वरांमधील काळ किती ताणायचा आणि कुठे सोडायचा, यावर माणसे बदलतात आणि गोष्टही बदलते.

‘तोस्का’चा पहिला प्रयोग 14 जानेवारी 1900 रोजी रोमच्या तेआत्रो कोस्तान्झीमध्ये झाला. कथा व्हिक्तोरियाँ सार्दू या फ्रेंच नाटककाराच्या नाटकावरून घेतलेली असून ती जून 1800 मध्ये, नेपोलियनच्या मारेंगोच्या लढाईची उलटसुलट बातमी रोमला पोहोचते त्या काळात घडते. तिन्ही अंकांच्या जागा खऱ्या आहेत: सांतान्द्रेआ देल्ला वाल्ले हे चर्च, फार्नेझे राजवाडा आणि सान्तांजेलोचा किल्ला. पुच्चिनीने पहाटेच्या घंटा कशा ऐकू येतात हे समजून घेण्यासाठी रोमला जाऊन त्या ऐकल्या होत्या आणि सेंट पीटर्सच्या मोठ्या घंटेचा नेमका स्वर कोणता, याचीही चौकशी केली होती. इतक्या काटेकोर माणसाची स्वरलिपी समोर ठेवून ध्वनिमुद्रण ऐकणे हा वेगळाच आनंद आहे.

ऑगस्ट 1953 मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात व्हित्तोरिओ दे साबाता यांच्या संचालनाखाली झालेले ध्वनिमुद्रण सत्तर वर्षांनंतरही या कृतीचे सर्वोत्तम ध्वनिमुद्रण मानले जाते, आणि माझेही मत तेच आहे. तोस्का गाणारी मारिया कॅलस तेव्हा एकोणतीस वर्षांची होती, काव्हारादोस्सी गाणारा जुझेप्पे दि स्तेफानो बत्तीस वर्षांचा आणि स्कार्पिया गाणारा तितो गोब्बी एकोणचाळीस वर्षांचा. तिघांचेही आवाज भरात होते, आणि तिघांनाही गाताना शब्दाचा अर्थ उच्चारातून पोहोचवण्याची ओढ होती. निर्माता वॉल्टर लेग याने टेप खर्च करताना हात आखडता घेतला नाही. पहिल्या अंकातील आपला भाग साबातांनी आपल्याकडून तीसेक वेळा गाऊन घेतला, असे गोब्बीने पुढे सांगितले आहे. ऐकताना मात्र या मेहनतीचा शीण कुठेही जाणवत नाही. सगळे आत्ताच, पहिल्यांदाच घडत आहे असे वाटते.

या ध्वनिमुद्रणाचा गौरव करताना लोक बहुधा कॅलसचे नाव घेतात. ते योग्यच आहे, पण अपुरे आहे. सुरीच्या त्या प्रसंगात कॅलस गात नाही, आणि तरीही ध्वनिमुद्रणाचा कळस तिथेच आहे. साबाता ती सुरावट संथ घेतात, पण तिला सैल पडू देत नाहीत. प्रत्येक वाक्याच्या टोकाला व्हायोलिनांचा स्वर अगदी किंचित मागे रेंगाळतो, जणू कोणी पाऊल उचलले आहे पण टेकवलेले नाही. त्यानंतर स्कार्पिया उठतो, ‘तोस्का, अखेर तू माझी’ असे म्हणत पुढे येतो आणि सुरीचा वार होतो, तेव्हा वाद्यवृंद ज्या वेगाने कोसळतो त्याने प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा येतो. पुढे स्कार्पिया निपचित पडतो. ‘हा मेला; आता मी याला क्षमा करते,’ असे तोस्का म्हणते, आणि थोड्या वेळाने, ‘याच्यापुढे सारे रोम थरथर कापत होते,’ हे वाक्य येते. पुच्चिनीने ते एकाच खालच्या स्वरावर लिहिले आहे. बऱ्याच गायिका तिथे किंचाळतात किंवा नाटकी कुजबुज करतात. कॅलसचा आवाज तिथे कोरडा होतो. त्यात विजय नाही आणि घृणाही नाही, उलट आश्चर्य आहे: एवढाच होता का हा माणूस?

त्यानंतरचा मूक प्रसंग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तोस्का पाण्याने बोटे धुते, आरशात पाहून केस सारखे करते, प्रेताच्या मुठीतून परवाना सोडवून घेते, दोन मेणबत्त्या प्रेताच्या डोक्याशी दोन बाजूंना ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते आणि निघून जाते. माझ्या पहिल्या संचात संहितेची पुस्तिकाच नव्हती, त्यामुळे यातले मला काहीही ठाऊक नव्हते; तरीही साबातांच्या वादनात कोणीतरी एका खोलीत एकटेच वावरत आहे आणि एकेक काम उरकत आहे, हे मला ऐकू येत असे. पुढे स्वरलिपीतील रंगसूचना वाचल्या, तेव्हा त्यांतल्या कित्येक गोष्टी आधीच पाहिल्यासारख्या वाटल्या. साबातांनी स्टुडिओ पद्धतीने पूर्ण ध्वनिमुद्रित केलेला हा एकमेव ऑपेरा. त्याच वर्षी हृदयविकाराने त्यांचे रंगमंचावरील काम जवळजवळ थांबले.

आता हर्बर्ट फॉन कारायान यांचे 1962 चे व्हिएन्नातील ध्वनिमुद्रण. डेक्का या ध्वनिमुद्रिका कंपनीचा निर्माता जॉन कल्शॉ, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, स्टिरिओ तंत्र आणि तोस्काच्या भूमिकेत लिऑन्टिन प्राइस. या भूमिकेशी प्राइसचे नाते जुने होते. 1955 मध्ये अमेरिकेतील एनबीसी दूरचित्रवाणीवर तिने तोस्का गायली, आणि एका कृष्णवर्णीय गायिकेला दूरचित्रवाणीवरील ऑपेरात प्रमुख भूमिकेत पाहणे त्या काळी किती जणांना सहन झाले नव्हते, हे आठवले की त्या आवाजाचा ताठ कणा अधिकच कळतो. तिचे खालचे स्वर धुरकट आहेत आणि वरचे स्वर लखलखीत. ‘विस्सी दार्ते’ निव्वळ गायन म्हणून मला तिचेच अधिक आवडते. कॅलस तिथे देवाला जाब विचारते, तर प्राइस त्याच्यापुढे आपले आयुष्य उलगडून ठेवते.

पहिल्या अंकाच्या शेवटचा ‘ते देउम’ (चर्चमधील आभारस्तोत्र) तर कारायान यांच्याकडूनच ऐकावा. दोन घंटांचे स्वर आलटून पालटून पडत राहतात, दुरून तोफा धडाडतात, ऑर्गन वाजू लागतो, चर्चमध्ये लोकांची दाटी होते आणि या सर्वांवरून स्कार्पिया आपली वासना बोलत राहतो. 1953 च्या मोनो ध्वनिमुद्रणात हे सारे एका भिंतीमागून आल्यासारखे एकवटते. 1962 मध्ये एकेक थर वेगळा काढून दाखवता येतो. जुझेप्पे ताद्देईचा स्कार्पिया गोब्बीहून मांसल आणि गोडबोल्या आहे. गोब्बीच्या आवाजातली धार पहिल्या वाक्यापासून सावध करते. ताद्देईवर क्षणभर विश्वास बसतो, आणि म्हणून तो अधिक भयंकर वाटतो. तरीही सुरीच्या प्रसंगी कारायान यांची सुरावट इतकी देखणी वाजते की इथे खून व्हायचा आहे याचाच विसर पडतो. कल्शॉने आपल्या आठवणींत लिहिले आहे की या ध्वनिमुद्रणाच्या वेळी कारायान साबातांची ध्वनिमुद्रिका मागवून ऐकत असत. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या आधीच्याने काय साधले होते ते पुरते ठाऊक होते, आणि ते त्याने लपवलेही नाही.

दि स्तेफानो या दोन्ही ध्वनिमुद्रणांत आहे, आणि नऊ वर्षांत एका आवाजाचे काय होते ते ऐकणे क्लेशदायक आहे. तिसऱ्या अंकात मृत्यूची वाट पाहणारा काव्हारादोस्सी ‘ए लुचेव्हान ले स्तेल्ले’ गातो. आधी क्लॅरिनेट ती सुरावट वाजवतो आणि काव्हारादोस्सी तिच्यावर जवळजवळ बोलल्यासारखे स्वर ठेवतो: तारे चमकत होते, मातीला सुगंध होता, बागेचे दार करकरले. 1953 मध्ये दि स्तेफानो हे असे सांगतो की ते दार आपल्या घराचे वाटावे. वरचे स्वर तो मोकळ्या, उघड्या स्वरवर्णांनी गात असे, आणि ती सवय आवाजाला महागात पडली असावी. 1962 मध्ये शब्दांवरचे प्रेम तेच आहे, पण जोराचा स्वर आला की आवाज ताणलेला आणि खरखरीत होतो.

या पदासाठी मी एरिक लाइन्सडॉर्फ यांच्या 1957 च्या ध्वनिमुद्रणाकडे वळते. त्यात युसी ब्यॉर्लिंग आहे, ज्याच्या आवाजात रडवेपणाचा अंशही नाही आणि तरी दुःख पुरेपूर आहे. हे ध्वनिमुद्रण रोम ऑपेराच्या वाद्यवृंदासह झाले, म्हणजे जिथे 1900 मध्ये पहिला प्रयोग झाला त्याच संस्थेची ही मंडळी. तेआत्रो कोस्तान्झीचेच पुढे रोमचे ऑपेरागृह झाले. झिंका मिलानोव्हची तोस्का मात्र मला वयाने आणि वृत्तीने प्रौढ वाटते. तिचा मत्सर खरा वाटत नाही, आणि पहिला अंक तर त्या मत्सरावरच उभा आहे.

कॅलसने 1964 मध्ये पॅरिसला जॉर्ज प्रेत्र यांच्याबरोबर स्टिरिओमध्ये पुन्हा ‘तोस्का’ केली. गोब्बी पुन्हा होता आणि काव्हारादोस्सी कार्लो बेर्गोन्झी. तिसऱ्या अंकात तोस्का खुनाची हकीकत सांगते, तेव्हा ‘ती सुरी मी त्याच्या काळजात खुपसली’ या वाक्यात आवाज वरच्या सी स्वरावर चढतो आणि तिथून एकदम खाली कोसळतो. 1953 मध्ये तो स्वर सुरीच्या पात्यासारखा सरळ आहे. 1964 मध्ये तो हेलकावतो. असे असूनही मी हे ध्वनिमुद्रण टाकाऊ म्हणणार नाही, कारण अकरा वर्षांत तोस्काचा धीर सुटत गेलेला इथे ऐकू येतो, आणि काही संवाद 1953 पेक्षाही जिवंत आहेत. पण प्रेत्र घाईत असतात. सुरीचा प्रसंग त्यांच्याकडे नुसता पार पडतो.

कॉलिन डेव्हिस यांचे 1976 चे, लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहाचे ध्वनिमुद्रण मी बरीच वर्षे दुर्लक्षित ठेवले, याचे आज वाईट वाटते. तोस्का मॉन्सेरात काबाये, काव्हारादोस्सी होसे कारेरास आणि स्कार्पिया इंगवार विक्सेल. कारेरास तेव्हा तिशीच्या आतला, आणि त्याचा काव्हारादोस्सी खरोखर तरुण आहे. मरायचे वय नसलेला माणूस मरतो, हे त्याच्या आवाजातच आहे. डेव्हिस स्वरलिपीतील प्रत्येक सूचना इमानाने पाळतात. तिसऱ्या अंकाच्या आरंभीची पहाट त्यांच्याइतकी शांत कोणी उभी केलेली मी ऐकलेली नाही. दूरवर गुराखी पोर रोमच्या बोलीत गात जाते, कळपाच्या गळ्यातल्या घंटा किणकिणतात, मग चर्चच्या घंटा एकेक करून, कधी जवळून तर कधी लांबून वाजू लागतात. या जागी साबाता पुढे येणाऱ्या मृत्यूकडे पाहत असतात. डेव्हिस मात्र पहाटेला पहाटच राहू देतात, आणि मला ते अधिक योग्य वाटते, कारण त्या पोराला किल्ल्यावर काय होणार आहे याचा पत्ताच नाही.

आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांचे 1972 चे ध्वनिमुद्रणही संग्रही आहे: पुन्हा प्राइस, सोबत प्लासिदो डोमिंगो आणि शेरिल मिल्न्स. दमदार आहे, पण प्राइसचा 1962 चा ताजेपणा त्यात नाही. मेहतांची मला अधिक आठवण राहते ती 1992 च्या रोममधील थेट प्रक्षेपणासाठी, ज्यात तिन्ही अंक त्यांच्या खऱ्या जागी आणि खऱ्या वेळी, म्हणजे दुपारी, रात्री आणि पहाटे सादर झाले. गायक किल्ल्यावर आणि वाद्यवृंद शहरात दुसरीकडेच, स्टुडिओत. कॅथरिन माल्फितानोच्या तोस्काला मेणबत्त्या ठेवताना त्यात डोळ्यांनी पाहता येते. पाहिल्यावर मी 1953 चा तोच भाग पुन्हा लावला.

शेवटाबद्दल एक जुना आक्षेप आहे. तोस्का तटावरून उडी मारते आणि वाद्यवृंद मोठ्याने ‘ए लुचेव्हान ले स्तेल्ले’ची सुरावट वाजवतो. ती सुरावट काव्हारादोस्सीची. तोस्काने ती ऐकलेलीही नाही, मग तिच्या मृत्यूवर ती का? बहुतेक संचालक हा शेवट भव्य करायला जातात, आणि मग आक्षेप खरा ठरतो. साबाता तिथे थांबत नाहीत. सुरावट येते, अंगावर आदळते आणि संपते. शिपाई तटाच्या कडेपर्यंत पोहोचलेलेही नसतात.