रेल्वेची माती आणि माझी पुसलेली दोन लेबलं

न्यू जर्सीतल्या एका छोट्या कन्सल्टन्सीत लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते आणि फील्डचं पहिलंच काम आलं ते बंद पडलेल्या मालगाडीच्या लाईनचं. रूळ कधीच उखडून नेलेले, नुसता खडीचा लांबलचक पट्टा उरलेला आणि त्यावर झुडपं माजलेली. गावाला तिथे चालायला, सायकलला ट्रेल करायचाय, त्याआधी माती तपासायची. मला वाटलं काय एवढं, खड्डा करायचा, बरणी भरायची, लॅबला पाठवायची. भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली मी, पप्पा लोको शेडला फिटर, मला रेल्वेची माती काय नवीन!

पण आधी सगळा कागदच. फेज वनमध्ये, म्हणजे तपासणीच्या पहिल्या टप्प्यात, खणायचं नसतंच, जुने हवाई फोटो आणि आगीच्या विम्यासाठी काढलेले सॅनबॉर्नचे नकाशे बघत बसायचं, टाकी कुठे होती, शेड कुठे होती. त्यावरून फेज टूमध्ये भोकं कुठे पाडायची ते ठरतं. मग 811 ला, म्हणजे खणण्याआधी कळवायच्या नंबरला फोन, तोही कामाचे तीन दिवस आधी, की येऊन जमिनीखालच्या लायनींवर रंग मारून जा, लाल वीज, पिवळा गॅस, निळा पाणी. रेल्वेच्या स्वतःच्या जुन्या केबली त्यात असतीलच असं नाही, म्हणून पहिले काही फूट हातानेच, ऑगरने, म्हणजे माती वर काढायच्या गिरमिटाने.

आता रेल्वेच्या मातीत असतं तरी काय, तर रुळात गवत वाढू नये म्हणून पूर्वी आर्सेनिकवालं तणनाशक मारायचे, ते मातीला धरून बसतं ते बसतंच. लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात भिजवलेले, त्यातून पीएएच नावाची घातक रसायनं. वाफेच्या इंजिनांची राख तर सरळ भराव म्हणून टाकलेली. जर्सी सिटीचं लिबर्टी स्टेट पार्क बघितलं असेल तुम्ही, स्टॅच्यूची बोट जिथून सुटते ते, तेही सेंट्रल रेलरोडचंच जुनं यार्ड, टर्मिनल 1967 ला बंद झालं आणि आतली दोनशेहून जास्त एकर जागा या असल्या मातीपायी कित्येक वर्षं कुंपणाआड होती.

तिसऱ्या भोकाला ऑगर वर काढला तर काळी भुसभुशीत माती आणि तो वास. क्वार्टरमागे टाकलेल्या जुन्या स्लीपरांवर बसून आम्ही बोरं खायचो, उन्हात ते स्लीपर तापले की अगदी असाच वास यायचा. मी नकळत वाकले तर सिनियर ओरडलाच, नाक नाही, मीटर लाव!

बाकी दिवसभर काम म्हणजे हात बदलणं. प्रत्येक सॅम्पलला नवे ग्लोव्हज, प्रत्येक वेळी ऑगर साबणाच्या पाण्यात ब्रशने घासायचा, डीआय म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याने धुवायचा, कारण आधीच्या भोकाची माती चिकटून पुढच्या बरणीत गेली तर आकडे वाया. एका भोकातून दोन बरण्या, वरचे 0 ते 6 इंच आणि खालचे 18 ते 24 इंच. मग बर्फाच्या कूलरमध्ये आणि चेन ऑफ कस्टडीच्या, म्हणजे सॅम्पल कोणाकोणाच्या ताब्यात होतं त्याच्या फॉर्मवर नाव, वेळ, सही. कूलर ज्याच्या हातात जाईल त्याची पण सही.

आणि इथेच मी माती खाल्ली (खरोखरची नाही). मार्कर सुकला म्हणून सातव्या भोकाची लेबलं साध्या पेनने लिहिली, वरून टेप लावायला विसरले. लॅबमध्ये कूलर उघडेपर्यंत बर्फाचं पाणी होऊन दोन्ही बरण्यांवर नुसता निळा डाग. लॅबचा फोन आला, वरची कुठली खालची कुठली? डोळ्यांना दोन्ही सारख्याच काळ्या. आता घाण सहा इंचांतच आहे की दोन फुटांपर्यंत, यावर किती ट्रक माती उचलायची ते ठरतं, अंदाजाने सांगून कसं चालेल. दोन्ही सॅम्पल बाद. सिनियर काही बोलला नाही, नुसता गाडीतून मार्करचं अख्खं पाकीट काढून माझ्या हातात दिलं, ते जास्त लागलं.

परत जाऊन तेच भोक शेजारी पाडलं. रिपोर्टला दहा दिवस. इथली राहत्या जागेची आर्सेनिकची मर्यादा किलोला 19 मिलिग्रॅम, राज्यातल्या मातीत मुळातच तेवढं सापडतं म्हणून ती तिथे ठेवलीय. शिशाची 2024 मध्ये 400 वरून 200 केली. माझ्या सातव्याचं वरचं आर्सेनिक 19 च्या दुप्पट आणि खालचं मर्यादेच्या आत! घरी असते तर पेढे वाटले असते. पण खोली कळली, रुंदी कुठे कळलीय, म्हणून आता दोन्ही बाजूंना सरकत सरकत अजून भोकं.

त्या काळ्या मातीचा फोटो पप्पांना पाठवला होता. त्यांनी झूम करून बघितलं आणि फोनच केला, "अगं ही तर इंजिनाची राख, इथे इंजिन उभं राहून राख झाडत असणार, आसपास पाण्याची टाकी बघ." सॅनबॉर्नचा नकाशा परत उघडला तर काय, त्या भोकापासून पन्नासेक फुटांवर बारीक गोल काढलेला आणि आत लिहिलेलं, पाण्याची टाकी. सिनियरला दाखवलं. मंगळवारी तिथे दोन भोकं वाढवलीत.