फाइल कधी टाकणार?

रविवार, २९ जून २०२५
दांडिया बाजार, बडोदं

नवरा कॅनडात म्हटलं की बडोद्यात पुढचा प्रश्न ठरलेला: मग तुझी फाइल कधी टाकणार, म्हणजे तिकडे जायचा अर्ज कधी करणार? शेजारच्या मासी गुजरातीत विचारतात, नणंद मराठीत विचारते, लॅबमधल्या मुली आडून आडून विचारतात. सगळ्या मायेनेच विचारतात. नवरा गेला की बायकोमूल मागून जातंच, असं इथं प्रत्येकीने धरलेलं असतं. आज जेवताना आईंनीही विचारलं. त्यांना मी सगळं सांगत बसले, तेव्हाच ठरवलं की हे एकदा लिहून ठेवायचं.

नवरा कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एका छोट्या गावात हॉटेलच्या स्वयंपाकघरात मदतनीस आहे. भाजी चिरणं, भांडी, फरशी, कचरा. आधी इथं मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मशीनवर होता, तिथलं काम सुटलं आणि मग हा रस्ता धरला. कॅनडा सरकार कामांची ० ते ५ अशी प्रतवारी लावतं, त्याला टीअर म्हणतात. डॉक्टर, इंजिनियर १ मध्ये. स्वयंपाकी ३ मध्ये. स्वयंपाकघरातला मदतनीस ५ मध्ये, म्हणजे शेवटच्या पायरीवर. आमच्या घराचं सगळं त्या एका आकड्यावर अडलेलं आहे.

जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सरकारने परदेशी कामगारांच्या नवऱ्याला किंवा बायकोला ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी, देण्याची सवलत वाढवली होती. कमी पगाराच्या वर्गाचा विचार पुढच्या टप्प्यात होईल, असं तेव्हा सांगितलं होतं. तो गेला २०२४ च्या सुरुवातीला, आणि जाताना आमच्या दोघांच्या मनात हा पुढचा टप्पा होता. दोनेक वर्षं काढायची, मग मी आणि आमची मुलगी चिऊ. तो टप्पा आमच्यापर्यंत आलाच नाही. उलट २१ जानेवारी २०२५ पासून नियम आवळला: कामगार टीअर ० किंवा १ मध्ये असेल, किंवा २-३ मधल्या ठरावीक कामांत असेल (बांधकाम, आरोग्य वगैरे), तरच त्याच्या जोडीदाराला काम करायची परवानगी. त्यातही कामगाराच्या परमिटची अर्ज करताना निदान १६ महिन्यांची मुदत उरलेली हवी.

आता हे दुसऱ्या नियमाशेजारी ठेवून बघा. सप्टेंबर २०२४ पासून कमी पगाराच्या कामासाठी मालकाला जी सरकारी मंजुरी लागते, ती एलएमआयए, एका वेळी जास्तीत जास्त १ वर्षाचीच मिळते. पूर्वी २ वर्षांची मिळायची. म्हणजे उद्या त्याला बढती मिळून तो वरच्या यादीतल्या कामात गेला, पण मंजुरी कमी पगाराचीच राहिली, तरी त्याच्या हातात कधी १६ महिने नसणारच. दोन वेगळ्या खात्यांचे दोन नियम, आणि दोन्हींच्या मध्ये आमचं घर.

अलकापुरीत एका कन्सल्टंटने मला मार्चमध्येसुद्धा सांगितलं, "भाभी, स्पाउस ओपन थई जशे," म्हणजे बायकोचं ओपन परमिट होऊन जाईल. मी नियमाची तारीख सांगितली तेव्हा त्याने विषय बदलला आणि व्हिजिटर व्हिसावर जा, आत गेल्यावर बघू, म्हणाला. बायकांना असं सांगून पैसे घेणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. एलएमआयएची हजार डॉलर फी मालकाने भरायची असते, ती कामगाराकडून वसूल करायला तिथल्या कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे त्याच कागदाचे लाखांनी भाव सांगतात आणि घरंच्या घरं दागिने मोडतात.

व्हिजिटर म्हणून जाता येतं, हे खरं. साधारण ६ महिने राहता येतं. वडिलांकडे वर्क परमिट असलं की तिथं असलेल्या मुलाला शाळेतही बसता येतं. पण मी तिथं काय असेन? मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, माझ्या पगारावर चिऊची शाळा आणि आईंची औषधं चालतात. तिथं मला एक तासही कमवायची परवानगी नाही. त्याच्या एकट्याच्या किमान वेतनात, अल्बर्टात ते तासाला १५ डॉलर आहे, तिघांचं भाडं आणि बर्फातले कपडे भागवायचे. नियमाने मालकाने कामगाराचा येण्याजाण्याचा खर्च द्यायचा आणि परवडेल अशा राहण्याची सोय बघायची. ती सोय एका माणसाची. तो तळघरात तिघांबरोबर राहतो, तिथं बायको आणि आठ वर्षांची मुलगी कुठं मावणार?

आणि व्हिजिटरच्या अर्जात मला पटवून द्यायचं असतं की मी परत येणार. रजेचं पत्र, घराचे कागद, बँकेचं खातं. नवरा तिथं, मुलगी बरोबर, मग ही बाई परत कशाला येईल, असं अधिकाऱ्याला वाटलं की रिफ्युज. मला परत यायचंच आहे, माझी नोकरी इथं आहे, आई इथं आहेत. तरी नवऱ्याला भेटायची ओढ जितकी जास्त दिसेल, तितका संशय जास्त.

माझा मावसभाऊ दुबईत आहे. तिथं कुटुंबाला बोलवायला पगार ४००० दिरहम लागतो, किंवा ३००० आणि राहायला जागा. तिथंही गरिबाला ते अवघडच आहे. पण निदान एक आकडा समोर असतो, त्याच्यासाठी माणूस जीव टाकून मेहनत करतो. आमच्यासमोर आकडासुद्धा नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. ते काम तात्पुरतं नाही. ते हॉटेल उद्याही चालणार, भांडी उद्याही घासावी लागणार, आणि तो परत आला तर दुसऱ्या कुणाला आणणार. काम कायमचं, माणूस मात्र तात्पुरता, आणि तात्पुरत्या माणसाला कुटुंब नसतंच असं धरून सगळे नियम लिहिलेले. आमचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत दक्षिणेतून इथं आले. घरात सांगतात की मूळ पुरुष पागेत होता, घोड्यांची देखभाल करायचा. त्याची बायको आणि मुलं मागून आली, म्हणून आज या गल्लीत आम्ही आहोत. पागेतल्या माणसालाही घर असतं, एवढं तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं.

सध्या तिथल्या आणि इथल्या वेळेत साडेअकरा तासांचं अंतर आहे, थंडीत साडेबारा होतं. त्याची पाळी रात्री संपते तेव्हा चिऊची शाळेची रिक्षा खाली उभी असते. दप्तर पाठीवर घेऊन ती जिन्यात त्याच्याशी बोलते. परवा तिने त्याला पाढा म्हणून दाखवला, मध्ये तोच चुकला, आणि तिला फार आनंद झाला. एवढंच बोलणं होतं दिवसभरात.

पी.आर.चा, म्हणजे तिथं कायम राहण्याच्या परवानगीचा, रस्ताही बघितला. एक्स्प्रेस एन्ट्री नावाच्या पी.आर.च्या योजनेत टीअर ५ चा अनुभव धरत नाहीत. पूर्वेकडच्या अटलांटिक प्रांतांच्या योजनेत टीअर ४ पर्यंत जागा आहे, पण कायम नोकरीची ऑफर लागते. म्हणजे या दोन्हींसाठी आधी त्याला टीअर बदलावा लागेल. स्वयंपाकी म्हणून घेतलं तर ३ होईल. तेवढ्याने मला परमिट मिळणार नाही, पण त्याचा अनुभव धरला जाऊ लागेल. कधीही पी.आर.चा अर्ज झाला तर त्यात मी आणि चिऊ असायलाच हवं, आम्ही बरोबर जाणार नसलो तरी. जे तेव्हा दाखवलं नाही, ते माणूस पुढे कुटुंब म्हणून बोलवता येत नाही, हा नियम फार कडक आहे. दोन पैसे वाचतील म्हणून नावं गाळा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये.

म्हणून आज रात्री त्याला सांगितलं. लॅब सोडणार नाही. व्हिजिटरवर तिथं जाऊन अडकून बसणार नाही. परमिट पुढच्या वर्षी संपतं. नवं सही करण्याआधी त्याने महिनाभर घरी यावं, तिकिटाचे पैसे मी बाजूला काढते आहे. त्याने ऐकून घेतलं. आधी गप्प होता, मग म्हणाला, शेफला विचारतो, मला स्टोव्हवर उभं करशील का.

चिऊच्या जन्मदाखल्यात माझ्या नावाची वेलांटी चुकली आहे, पासपोर्टशी जुळत नाही. उद्या लॅबमधून अर्धा दिवस घेऊन वॉर्ड ऑफिसला जायचं. लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स आणि आईंचं आधार बरोबर न्यायचं.