फोर्थ पूल १:४५०: मधला मनोरा उभा, दोन्ही पंख जोडले

स्कॉटलंडच्या फोर्थ रेल्वे पुलाची संपूर्ण प्रतिकृती करायची नाही, हे सुरुवातीलाच ठरलं होतं. मूळ पूल २,४६७ मीटर लांब आहे, म्हणजे १:४५० प्रमाणातही साडेपाच मीटर जागा लागते. म्हणून इंचगार्वी बेटावरचा मधला मनोरा, त्याचे दोन कॅन्टिलिव्हर (एका टोकाने मनोऱ्याला धरलेले आणि दुसरं टोक हवेत असलेले भाग; इथून पुढे 'पंख') आणि पंखांच्या टोकांना टेकणारे दोन लोंबते गाळे एवढंच घेतलं. त्याची लांबी १,५७० मिमी होते आणि ते दिवाणखान्यातल्या टेबलावर मावतं. प्रमाण १:४५० घेण्यामागे एकच कारण: टी गेजची, म्हणजे दोन रुळांत ३ मिमी अंतर असलेली, छोटी रेल्वेगाडी त्यावरून धावते.

मुख्य मापं, मूळ आणि प्रतिकृती. पंखाची लांबी ६८० फूट, म्हणजे ४६१ मिमी. मनोऱ्याच्या पायांमधलं लांबीच्या दिशेचं अंतर २६० फूट, म्हणजे १७६ मिमी. समोरासमोरच्या पायांमधलं आडवं अंतर तळाशी १२० फूट (८१ मिमी), माथ्यावर ३३ फूट (२२ मिमी). उंची ३३० फूट (२२३.५ मिमी). लोंबता गाळा ३५० फूट (२३७ मिमी). मोठ्या नळ्यांचा व्यास १२ फूट, म्हणजे ८.१ मिमी. रूळ भरतीच्या पाण्यापासून १५८ फुटांवर, म्हणजे १०७ मिमी.

या पुलाचं व्याकरण एका ओळीचं आहे. दाब घेणारा प्रत्येक अवयव गोल नळी, ताण घेणारा प्रत्येक अवयव जाळीदार पेटी. मनोऱ्याचे पाय, पंखांची खालची कमान आणि तिरके टेकू नळ्यांचे. वरची रेघ आणि तिरके ताण जाळीचे. प्रतिकृती करणाऱ्यांपैकी बरेच जण वेळ वाचवायला सगळंच जाळीत कापून घेतात. लांबून ते पुलासारखं दिसतं, पण जवळ गेलं की फोर्थ राहत नाही, कुठलाही लोखंडी पूल होतो. दाबाचा भाग हलका घेतला की काय होतं, ते कॅनडातल्या क्यूबेकच्या पुलाने १९०७ मध्ये दाखवलं. तिथे खालच्या दाबाच्या पट्ट्यांची लेसिंग (त्यांना एकत्र बांधणाऱ्या तिरक्या पट्ट्या) अपुरी होती. बांधकाम चालू असतानाच त्या वाकल्या आणि ७५ कामगार गेले. १२ फुटी नळीमागे फोर्थचे अभियंते बेंजामिन बेकर आणि जॉन फाउलर यांचा सावधपणा आहे, आणि त्या सावधपणामागे १८७९ मध्ये वादळात गाडीसकट कोसळलेला स्कॉटलंडमधलाच टे पूल आहे.

नळ्या

प्लास्टिकची ८ मिमी नळी मिळते, पण टोकं तिरकी कापताना ती चेपते आणि सांध्यावर घासून जुळवता येत नाही. कागद गुंडाळून केलेली नळी लाकडासारखी घासता येते. ६ मिमीची ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी सळई) हार्डवेअरच्या दुकानातून घ्या. ८० जीएसएम ए४ कागद, गुंडाळायची बाजू २१० मिमीची. साडेनऊ वेढे बसतात, गोंदासकट बाहेरचा व्यास ८.० ते ८.१ येतो. कुठलंही गणित न करता ए४ नेमका बसावा, असं या छंदात क्वचित होतं. नळी २९७ मिमी लांब मिळते. तिरक्या पायाची खरी लांबी २२५.५ मिमी असते, त्यामुळे दोन्ही टोकांना घासायला भरपूर उरतं.

फेविकॉलचे तीन भाग, पाण्याचा एक. पहिला वेढा कोरडा ठेवायचा, नाहीतर नळी सळईला चिकटते. सळईवर आधी मेण चोळायचं आणि गुंडाळून झाल्यावर दहा मिनिटांतच नळी फिरवून काढायची. रात्रभर सळईवर ठेवली तर ती तोडूनच काढावी लागते. वाळत घालताना आडवी टाकू नका, उभी ठेवा. आडवी टाकलेली नळी शिवणीच्या बाजूला केळीसारखी वाकते. कॉपी पेपरचे धागे बहुतेक वेळा लांब बाजूने असतात, म्हणून लांब बाजू सळईला समांतर ठेवली की कागद सहज वळतो. वळताना कटकट आवाज येऊन चुण्या पडल्या, तर त्या गठ्ठ्याचे धागे आडवे आहेत असं समजा आणि गठ्ठा बदला.

मनोऱ्याच्या बाजूंना जी मोठी फुली आहे तिच्या नळ्या मूळ ८ फुटी, म्हणजे ५.४ मिमी. ४ मिमी सळईवर १०५ मिमी रुंद पट्टी, म्हणजे ए४चा उभा अर्धा भाग, सात वेढे. फुलीची लांबी २८६ मिमी येते, तीही एकाच कागदात बसते. फुलीतली एक नळी अखंड ठेवायची, दुसरी मधोमध कापून दोन्ही बाजूंनी टेकवायची. पंखातले तिरके टेकू टोकाकडे बारीक होत जातात. पंखाच्या सहा खणांपैकी (एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंतचा भाग म्हणजे खण) पहिल्या दोनांना ५.४, पुढच्या दोनांना ४ आणि शेवटच्या दोनांना ३ मिमी अशी तीन मापं घेतली. मूळ पुलात फरक याहून बारीक आहे, पण एवढ्या प्रमाणात तो डोळ्याला कळत नाही.

पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांनी नळी वाळली की लगेच पातळ शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) हात द्यावा, आतून आणि बाहेरून. शेलॅक न दिलेल्या नळ्या ऑगस्टच्या हवेत दोन आठवड्यांत ०.२ मिमी फुगल्या आणि सांध्यांवर फटी पडल्या.

बाजू सपाट जुळवता येते

या टप्प्यातली सर्वात उपयोगी गोष्ट ही, म्हणून जरा सविस्तर. या मनोऱ्याचे पाय फाकलेले आहेत, साडेसातास एक या उताराने आत झुकलेले. इंग्रज अभियंते या फाकवण्याला 'होल्बाइन स्ट्रॅडल' म्हणत, कारण चित्रकार होल्बाइनच्या चित्रांतली माणसं पाय फाकवून उभी असतात. वाऱ्याचा आडवा जोर पेलायला हा फाका आहे. पंखही रुंदीत निमुळते होत जातात: तळाच्या नळ्यांमधलं अंतर मुळाशी ८१ मिमी, टोकाला २१, वरच्या रेघांमधलं २२ वरून १५. हे वाचलं की वाटतं, प्रत्येक सांधा दुहेरी तिरका कापावा लागणार. पहिला पंख तसाच, हवेत धरून, एकेक नळी जोडत केला. सहाव्या खणापर्यंत चूक साचत गेली आणि टोक ७ मिमी डावीकडे गेलं. तो पंख बाद केला.

पण आकडे मांडून पाहा. मुळाशी एका बाजूचा झुकाव २९.५ मिमी, उंची २२३.५. टोकाला झुकाव ३ मिमी. तोच उतार धरला तर टोकाची उंची साधारण २३ मिमी येते. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत झुकाव एकच आहे, आणि वरची रेघ सरळ आहे. मुळाची आणि टोकाची तिरकी रेघ समांतर झाली, आणि दोन समांतर रेघा एकाच पातळीत असतातच, म्हणून पंखाची प्रत्येक बाजू संपूर्ण सपाट आहे. ती प्लायवूडवर, खाली आराखडा चिकटवून, पतंगासारखी आडवी जुळवता येते. मग फक्त दोन कोन सांभाळायचे: बाजू उभ्या रेषेपासून साडेसात अंश आत झुकवायची आणि मनोऱ्याच्या बाजूशी २.३ अंश आत वळवायची.

आराखडा छापताना एक चूक हमखास होते. पुस्तकातलं बाजूचं चित्र हे समोरून दिसणारं चित्र असतं, झुकलेल्या बाजूची खरी लांबी नसते. उभी मापं ०.९ टक्क्याने वाढवून छापा, म्हणजे २२३.५ ऐवजी २२५.५. फरक २ मिमीचाच आहे, पण तो तसाच ठेवला तर माथ्याच्या जाळ्या एकमेकींना भेटत नाहीत.

खालची कमान खरं तर कमान नाही. प्रत्येक खणात ती सरळ नळी आहे आणि खणाच्या सांध्यावर किंचित वळते. कागदी नळी वाफेवर वाकवून गोलाई आणायचा मोह आवरा. मुळाकडचे खण लांब आणि टोकाकडचे आखूड असल्यामुळे लांबून ती गोल दिसते, एवढंच.

तळाचे चार सांधे

पायथ्याशी, दगडी खांबाच्या माथ्यावर, पाच नळ्या एका जागी येतात: पाय, पंखाची खालची नळी, पंखाचा पहिला टेकू, मनोऱ्यातली फुलीची नळी आणि शेजारच्या खांबाकडे जाणारी आडवी नळी. यांना एकमेकींवर माशाच्या तोंडासारखं कापून बसवायला गेलं तर शेवटच्या नळीला टेकायला जागाच उरत नाही. उपाय असा: पाय अखंड ठेवा. बाकी नळ्यांच्या आत लाकडी काडी १५ मिमी घुसवा, ८ मिमीच्या नळीत ६ची आणि ५.४च्या नळीत ४ची. काडीचं टोक ४ मिमी बाहेर ठेवून पायाच्या नळीत भोक पाडून बसवा. उरलेली पोकळी एम-सीलने भरा. एम-सील घट्ट व्हायच्या आत ओल्या बोटाने गुळगुळीत करा. नंतर घासायला गेलात तर शेजारची कागदी नळी आधी झिजते.

दगडी खांब एमडीएफच्या चकत्यांचे: तळाशी ३७ मिमी, माथ्यावर ३३. मुळात प्रत्येक खांबात ४८ बोल्ट पोलाद धरून ठेवतात. इथे दोन पुरेत, आणि तेही चाचणी झाल्यावरच कसायचे.

जाळ्या

३०० जीएसएम आयव्हरी कार्डावर लेझर. पट्टी ०.६ मिमीपेक्षा बारीक ठेवू नका, ०.४ला ती जळून तुटते. जाळीचं चित्र देताना प्रत्येक पट्टी वेगळी आयताकृती रेघ म्हणून देऊ नका, सगळ्या जोडून एकच बाह्यरेषा करा. नाहीतर लेझर प्रत्येक छेदावर दोनदा जातो आणि तिथेच भोक पडतं. कापल्यावरची काजळी गोंदात मिसळते, म्हणून आधी कोरड्या ब्रशने झाडून घ्या. चार पट्ट्यांची पेटी करण्याऐवजी दोन जाळ्या समोरासमोर ठेवून मध्ये कार्डाचे तुकडे दिले तर वजन निम्मं होतं आणि लांबून फरक कळत नाही.

रिव्हेट? मूळ पुलात सुमारे ६५ लाख आहेत. या प्रमाणात एकेक रिव्हेट केसापेक्षा बारीक होतो. सोडून द्या.

उलटण्याची चाचणी

इंचगार्वीचा मनोरा बाकी दोघांपेक्षा लांब का, याचं उत्तर प्रतिकृतीवर हाताने कळतं. दोन्ही काठांच्या मनोऱ्यांचा एक पंख किनाऱ्याकडच्या खांबावर टेकतो आणि तिथे सुमारे १,००० टनांचं वजन भरून तो दाबून धरला आहे. इंचगार्वीच्या दोन्ही पंखांना लोंबते गाळे आहेत, दाबून धरणारं कोणी नाही. गाडी एका बाजूला आली की सगळा तोल पायांच्या अंतरावर. म्हणून काठाच्या मनोऱ्यांच्या पायांमधलं अंतर १४५ फूट, तर इथलं २६०.

रूळ धरून मनोरा आणि पंखांचं वजन ३१० ग्रॅम भरलं. खांबावर नुसतं ठेवलं तर एका टोकाला किती वजन टांगल्यावर ते उलटेल? ३१० गुणिले ८८ (पायांमधल्या १७६ मिमीचं अर्धं) भागिले ४६१, म्हणजे ५९ ग्रॅम. अंतर १४५ फुटांचं (९८ मिमी) असतं तर ३३ ग्रॅमलाच उलटलं असतं. प्रत्यक्षात ५५ ग्रॅमला मागचे दोन पाय उचलले. चार ग्रॅमचा फरक एका पंखात जास्त भरलेल्या एम-सीलचा निघाला. वजन ५ ग्रॅमच्या टप्प्याने वाढवा आणि खाली उशी ठेवा.

टोक ५० ग्रॅमला ३ मिमी झुकलं आणि वजन काढल्यावर जागेवर आलं. न आलं तर दोष जवळजवळ नेहमी वरच्या जाळीच्या पहिल्या सांध्यात असतो, कारण सर्वात जास्त ताण तिथे येतो. तिथे कार्डाच्या आतून ८ मिमी लांब पट्टी जोडून घ्या. नळ्यांना हात लावू नका.

रंग

रेड ऑक्साइड प्राइमर फोर्थच्या लालच्या जवळ जातो, पण जरा तपकिरी पडतो. चार भागांना एक भाग सिग्नल रेड मिसळल्यावर जमला. फवारा ३० सेंमीवरून, तीन पातळ हात. एकाच जाड हाताने जाळीची भोकं बुजतात आणि ती टाचणीने एकेक उघडत बसावं लागतं. न संपणाऱ्या कामाला ब्रिटनमध्ये 'फोर्थ पूल रंगवणं' म्हणतात. खऱ्या पुलाचं ते काम २०११ मध्ये काचेचे पापुद्रे मिसळलेल्या इपॉक्सी रंगाने बऱ्याच वर्षांसाठी संपलं. जाळी बुजवलीत तर तुमचं मात्र संपायचं नाही.

उरलेलं

लोंबते गाळे जुळवून तयार आहेत, बसवायचे राहिलेत. खऱ्या पुलात तेही दोन्ही टोकांकडून हवेत पुढे पुढे वाढवत आणून मध्ये जोडले. १८८९च्या थंडीत पोलाद आखडलं आणि बोल्टची भोकं जुळेनात, तेव्हा तेलात भिजवलेल्या चिंध्या पेटवून ते तापवलं. इथे उलटी भीती आहे, ती दमट हवेत कागद फुगण्याची. म्हणून गाळ्याचं एक टोक १ मिमी खिळीने घट्ट आणि दुसरं ३ मिमी लांब खाचेत मोकळं ठेवायचं आहे. एक गाळा बसवून दुसरा रात्रभर तसाच ठेवू नका. दोन्ही एकाच बैठकीत, नाहीतर खांबाचे बोल्ट आधी कसा.

टी गेजच्या गाडीची चाकं चुंबकी असतात. पुलावर लोखंडाची घासणी वापरली असेल तर रूळ टाकण्याआधी चुंबक फिरवून सगळा किस काढून घ्या, नाहीतर तो चाकांना दाढीसारखा चिकटतो. वीज ४.५ व्होल्टच्या वर नको. तारा दोन्ही टोकांकडून द्यायच्या आहेत, कारण इतक्या बारीक रुळांच्या सांध्यांवर विजेचा दाब कमी होतो आणि गाडी नेमकी मनोऱ्याच्या आत, हात पोचत नाही तिथे, थांबते.